पाऊण इंचाचं शिक्षण

अमेरिकेतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मोजमापाची टेप घ्यावी आणि हातभर बाहेर ओढावी. १६ या आकड्यावर लाल खूण दिसते. आणखी ओढत गेलं की ३२, ४८, ६४, ८० आणि ९६ वरही तीच लाल खूण. नव्या माणसाला ती छपाईतली सजावट वाटते. पण ज्याने एकदा लाकडी भिंत उभी केली आहे, त्याला त्या खुणांत अख्खं घर दिसतं.

तिथली बहुतेक स्वतंत्र घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंतीत ठरावीक अंतरावर उभे दांडे, त्यांना स्टड म्हणतात. त्यांच्यावर बाहेरून प्लायवूडसारखे तक्ते आणि आतून जिप्समचे. हे तक्ते सहसा चार फूट रुंद आणि आठ फूट लांब, म्हणजे ४८ बाय ९६ इंच. ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, ९६ लाही जातो. म्हणून एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत १६ इंच ठेवले, की तक्ता उभा लावा वा आडवा, त्याची कड बरोबर एखाद्या स्टडच्या मध्यावर येते आणि दोन्ही बाजूंच्या तक्त्यांना खिळा मारायला लाकूड मिळतं.

तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात बांधकामाचा वर्ग सुरू झाला, की विद्यार्थ्यांच्या वाट्याला लवकरच अशा भिंतीचा एक तुकडा येतो. आठ फूट लांब, मध्ये एक खिडकी. नकाशावर लिहिलेलं असतं: स्टड, १६ इंच, मध्य ते मध्य. विद्यार्थी टेप लावतो, १६ वर रेघ मारतो, रेघेच्या पुढच्या बाजूला फुली करतो आणि फुलीवर स्टड उभा करतो. ३२ वर तेच, ४८ वर तेच. मग तक्ता आणून लावतो. तक्त्याची कड ४८ वर संपते आणि स्टड नेमका तिथून पुढे सुरू होतो. खिळा मारायला लाकूडच नाही.

'टू बाय फोर' म्हणून जे लाकूड विकलं जातं ते सुकवून, रंधून झाल्यावर दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद उरतं. दीडचं निम्मं पाऊण. स्टडचा मध्य सोळावर यायचा असेल तर त्याची कड पाऊण इंच मागे हवी, म्हणजे पहिली रेघ सव्वापंधरा इंचांवर मारायला हवी. नकाशात हा पाऊण इंच कुठेच लिहिलेला नसतो.

नकाशा काढणाऱ्याला तो ठाऊक नसला तरी त्याचं काम चालून जातं. भिंत उभी करणाऱ्याचं चालत नाही. आणि जिथे हे दोघं एकाच इमारतीत, कधी एकाच बाकावर शिकतात, तिथे हा पाऊण इंच दोघांच्याही हाती लागतो. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांमधलं वास्तुरचना आणि बांधकामाचं शिक्षण मला मोलाचं वाटतं ते याचसाठी.

रेघ आणि रंधा यांची फारकत जुनी आहे. अमेरिकेत विद्यापीठात वास्तुकला शिकवायची कल्पना यादवी युद्धानंतरची. बॉस्टनच्या एमआयटीने १८६५ मध्ये हा अभ्यासक्रम जाहीर केला आणि १८६८ मध्ये वर्ग सुरू झाले. पण तो पूर्ण करून बाहेर पडलेला देशातला पहिला पदवीधर मानला जातो तो इलिनॉय राज्यातल्या अर्बाना इथल्या विद्यापीठाचा. त्याचं नाव नेथन रिकर, वर्ष १८७३. विद्यापीठात येण्याआधी रिकरने सुतारकाम केलं होतं. शिक्षण संपल्यावर तो युरोपात गेला, बर्लिनची बाउअकाडेमी ही वास्तुशाळा पाहिली आणि परत येऊन अर्बानाला कित्येक वर्षं शिकवत राहिला. विद्यार्थ्यांनी कार्यशाळेत उतरलं पाहिजे, लाकडाचे सांधे स्वतःच्या हाताने करून पाहिले पाहिजेत, हा त्याचा आग्रह होता. वास्तुविशारदांना परवाना लागेल असा कायदा करणारं पहिलं अमेरिकी राज्यही इलिनॉयच, १८९७ मध्ये, आणि त्या कायद्यामागेही रिकरचे परिश्रम होते.

म्हणजे सुरुवातीलाच एका सुताराने वास्तुशिक्षणाचा एक रस्ता आखून दिला होता. पण पुढची काही दशकं अमेरिकेतल्या मोठ्या वास्तुशाळांवर पॅरिसच्या एकोल दे बोझारची छाप राहिली. प्रचंड कागद, त्यांवर जलरंगांनी छटा दिलेली भव्य दर्शनी चित्रं, परीक्षकांपुढची स्पर्धा. त्या पद्धतीने डोळा घडवला, यात शंका नाही. पण कार्यशाळा मागे पडली. वास्तुविशारद कागदाचा झाला, सुतार लाकडाचा. दोघं भेटायचे ते साइटवर, आणि तेही बहुधा काहीतरी चुकल्यावर.

त्याच इलिनॉयमध्ये, शिकागोपासून जवळच, १९०१ मध्ये दुसरीच गोष्ट घडत होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जॉलिएट गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी मिळून हायस्कूलच्याच छत्राखाली विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास सुरू केला. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. हार्परचा विचार असा, की चार वर्षांच्या पदवीचे दोन भाग करावेत आणि पहिला भाग मुलांना आपल्या गावात, आपल्या घरी राहून शिकता यावा. जॉलिएट ज्युनियर कॉलेज आजही चालू आहे.

'ज्युनियर कॉलेज'चं 'कम्युनिटी कॉलेज' होण्यामागे दुसरं महायुद्ध आहे. १९४४ च्या जीआय बिलानुसार लाखो परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. त्यांना बसवायला जागा हवी होती. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने प्रत्येक वस्तीच्या आवाक्यात अशी कॉलेजं उघडावीत अशी शिफारस केली, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द तिथून रुळला. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने तर उच्च शिक्षणाचा आराखडाच तीन मजल्यांचा केला. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मध्ये राज्य विद्यापीठं आणि तळमजल्याला कम्युनिटी कॉलेजं, ज्यांचं दार सगळ्यांना उघडं. वरच्या दोन मजल्यांवर गुणांची चाळणी, तळमजल्यावर ती नाही. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि देशभरात हजाराच्या आसपास.

उघडं दार म्हणजे काय, हे संध्याकाळी सहाच्या वर्गात डोकावल्यावर कळतं. एका बाकावर नुकतीच हायस्कूल संपवलेली मुलगी, जिला पुढे मोठ्या वास्तुशाळेत जायचंय पण चार-पाच वर्षांची फी घरच्यांच्या आवाक्याबाहेर आहे. तिच्या शेजारी बारा वर्षं घरांचे सांगाडे उभे करणारा सुतार. गुडघे बोलायला लागलेत, आता त्याला शिडीवरून उतरून अंदाजपत्रकाच्या टेबलाशी बसायचंय. मागे सैन्यातून परतलेला कोणी, पुढे दोन शाळकरी मुलांची आई. त्या आईचं नाव मराठीही असू शकतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बाईला नोकरी करायला परवानगी सहजी मिळत नाही, शिकायला मात्र तिला आडकाठी नसते. पुण्यात किंवा मुंबईत बी.आर्क. करून चार वर्षं काम केलेली मुलगी तिथे पोचते तेव्हा तिच्या लक्षात येतं, की आपल्याला आरसीसीचा सांगाडा झोपेतही काढता येतो, पण लाकडी भिंतीचा छेद कधी काढलेला नाही. मिलिमीटरची सवय आहे आणि इथे इंचाचे सोळावे भाग मोजतात. तिला पुन्हा पाच वर्षं नको असतात, एक-दोन सत्रं हवी असतात. असा सुटा विषय घेऊन बाहेर पडण्याची सोय या कॉलेजात असते.

खर्चाचा हिशेब सांगायलाच हवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साधारण ६० युनिटं लागतात, म्हणजे सगळं मिळून २,७६० डॉलर. पुस्तकं, मॉडेलचं सामान, हेल्मेट, बूट आणि जेवणखाण वेगळं. राज्यातल्या रहिवाशांना १९८४ पर्यंत तर ही फी नव्हतीच. बहुतेक जण दिवसा कामाला जातात, त्यामुळे दोन वर्षांचा अभ्यास तीन-चार वर्षांवर जातो आणि पुष्कळांचा मध्येच सुटतो. ही या कॉलेजांची सगळ्यात दुखरी जागा आहे. दार उघडं ठेवणं सोपं, आत आलेल्याला शेवटापर्यंत टिकवणं कठीण.

शिकवायला येणारेही अनेकदा दिवसभर दुसरं काम करून आलेले असतात. कोणाचं स्वतःचं छोटं वास्तु-कार्यालय, कोणी कंत्राटदार, कोणी नगरपालिकेत बांधकाम तपासणीस. अर्धवेळ शिक्षकांना तिथे पुरेसा मोबदला मिळत नाही आणि हा अन्याय आहे, असं मला वाटतं. पण विद्यार्थ्यांना त्यातून जे मिळतं ते पुस्तकात नसतं. आज सकाळी ज्या जिन्यावर तपासणीसाने लाल शेरा मारला, त्याचं मोजमाप संध्याकाळी फळ्यावर येतं.

कायदा आणि नियम हा विषय तिथे ज्या गंभीरपणे शिकवतात, त्याचं मला फार कौतुक आहे. लहान घरांसाठी बहुतेक राज्यांत इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड नावाची नियमावली आधाराला असते. २००० मध्ये तिची पहिली आवृत्ती आली आणि दर तीन वर्षांनी ती सुधारली जाते. तिच्यात जिन्याची एक पायरी पावणेआठ इंचांपेक्षा उंच नको, पाय ठेवायची जागा दहा इंचांपेक्षा कमी नको, असे नियम आहेत. झोपायच्या खोलीत आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. त्या खिडकीचा उघडा भाग किमान २० इंच रुंद, किमान २४ इंच उंच आणि एकूण किमान ५.७ चौरस फूट. तळकड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको.

नवशिका विद्यार्थी दोन्ही किमान आकडे घेतो आणि २० बाय २४ ची खिडकी काढून मोकळा होतो. ते क्षेत्रफळ भरतं जेमतेम ३.३ चौरस फूट. नियमात बसायचं तर २० इंच रुंदीला ४१ इंचांहून थोडी अधिक उंची लागते आणि २४ इंच उंचीला ३४ इंचांहून थोडी अधिक रुंदी. तीन आकडे एकाच वेळी पाळायचे असतात. आणि ते का, हे कळलं की पाठ करावं लागत नाही. आतलं माणूस बाहेर पडलं पाहिजे, आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेला अग्निशामक जवान आत शिरला पाहिजे. त्या खिडकीला जाळी किंवा गज लावलेच, तर ते आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजेत, असंही हीच नियमावली सांगते. हे वाचताना मुंबई-पुण्यातल्या इमारतींना मजल्यामागून मजला लागलेल्या बॉक्स ग्रिल डोळ्यांसमोर येतात आणि पोटात गोळा येतो. चोर आत येऊ नये म्हणून आपण स्वतःलाच कोंडून घेतलंय, आणि घराचा नकाशा काढणाऱ्याला तो प्रश्न कोणी विचारत नाही.

अशी नियमावली विद्यार्थ्याच्या हातात पहिल्याच वर्षी पडते. तिच्यामागोमाग येतो भिंतीचा उभा छेद, म्हणजे वॉल सेक्शन. पायाच्या तळापासून छपराच्या पागोळीपर्यंत घर सुरीने कापलं तर काय काय दिसेल, ते एका कागदावर. माझ्या मते या सगळ्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात श्रीमंत कागद. त्यात पाण्याची वाट दिसते: पाऊस कुठून येतो, कुठे अडतो, कुठून निथळतो. उष्णतेची वाट दिसते, भाराची वाट दिसते. आणि मुलुखही दिसतो. शिकागोजवळ पाया जमिनीत ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि उथळ पाया उचलतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जमीन गोठत नाही, पण हलते. तिथे सांगाडा पायाला बोल्टांनी जखडावा लागतो. एकच घर दोन ठिकाणी काढलं तर छेद दोन निघतात.

रेघेची जाडी हाही याच वर्गातला धडा. जिथून घर कापलं तिथली रेघ सगळ्यात ठळक, कापाच्या पलीकडे दिसणाऱ्या वस्तूंची बारीक, पोताची त्याहून बारीक. आता हे काम रेव्हिटसारखी सॉफ्टवेअरं करतात. रेव्हिट २००० मध्ये बाजारात आलं आणि दोनच वर्षांत ऑटोडेस्कने ते विकत घेतलं. त्यात रेघा ओढायच्या नसतात, भिंती, दारं, छपरं ठेवायची असतात. आराखड्यात एक दार सरकवलं की छेदात, दर्शनी चित्रात आणि दारांच्या यादीत ते आपोआप सरकतं. आज नोकरी मिळण्यासाठी ते यावंच लागतं आणि कॉलेजं ते शिकवतात. पण यादीतून तयार भिंत निवडणाऱ्याला तिच्या पोटात काय आहे ते माहीत असेलच असं नाही. ज्याने सकाळी कार्यशाळेत खिडकीच्या दोन्ही अंगांना दुहेरी स्टड ठोकलेत, वर आडवं हेडर बसवलंय आणि हेडरने वरचा भार बाजूच्या स्टडांवर कसा ढकलला ते पाहिलंय, तो संध्याकाळी संगणकावर खिडकी ठेवताना वेगळ्या नजरेने ठेवतो.

डिझाइनच्या स्टुडिओबद्दलही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं सुतारकामाचंच कौतुक वाटेल. पुठ्ठ्याच्या मॉडेलांपासून सुरुवात होते. उजेड कुठून घ्यायचा, माणूस खोलीत शिरताना त्याला आधी काय दिसावं, छत कुठे खाली आणावं. विद्यार्थी आपलं काम भिंतीवर टाचणीने लावतो आणि सगळ्यांपुढे उभा राहून बोलतो. बारा वर्षं दुसऱ्यांची घरं बांधलेल्या सुताराला 'तुला ही खोली कशी वाटायला हवी आहे?' असं बहुधा कोणी विचारलेलं नसतं. तो गोंधळतो. शेजारच्या अठरा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न सोपा जातो, तिला अडतं ते छपराच्या उतारात. मग ती त्याच्याकडे वळते. या देवाणघेवाणीसाठी कुठला विषय नेमलेला नसतो, पण ती होते. निवडक गुणवंतांच्या वर्गात ती इतक्या सहज होणार नाही, कारण तिथे हा सुतार पोचलेलाच नसतो.

दोन वर्षांनंतर काय? अनेक जण थेट कामाला लागतात: आरेखक, अंदाजपत्रक करणारे, साइटवरचे साहाय्यक, बांधकाम तपासणीस. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला परवाना लागतो आणि दोन वर्षांची पदवी त्याला पुरत नाही. नेहमीचा रस्ता असा: मान्यताप्राप्त बी.आर्क. किंवा एम.आर्क., मग ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव, मग सहा भागांची परीक्षा. त्या ३,७४० तासांची वाटणी पाहण्यासारखी आहे. सर्वाधिक १,५२० तास बांधकामाचे तपशीलवार नकाशे आणि कागदपत्रं तयार करण्याला, १,०८० तास रचनेला. वर्गात बसून जे ग्लॅमर दिसतं आणि कामात जो वेळ जातो, त्यांतलं अंतर या दोन आकड्यांत आहे. कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्याचा हात त्या १,५२० तासांना आधीपासून बसलेला असतो.

पुढे विद्यापीठात जायचं तर पहिल्या दोन वर्षांचं काम तिथे धरलं जातं, पण किती, यावर घासाघीस चालते. गणित, भौतिकशास्त्र, इतिहास हे विषय सहसा विनातक्रार जमा होतात. स्टुडिओचं मात्र तसं नाही. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या कामाची फाइल पाहतं आणि त्याला कितव्या वर्षाच्या स्टुडिओत बसवायचं ते ठरवतं. कधी एक वर्ष हातचं जातं, आणि ज्याने पैशाअभावी हा रस्ता धरला त्यालाच त्या वर्षाचा भुर्दंड पडतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत मान्यताप्राप्त पदवी नसतानाही, जास्त वर्षांच्या अनुभवाच्या बळावर परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. कॅलिफोर्नियात शिक्षण आणि अनुभव मिळून आठ वर्षं भरावी लागतात. शिवाय त्या राज्यात लाकडी सांगाड्याचं, दोन मजल्यांपर्यंतचं एका कुटुंबाचं घर आखायला आर्किटेक्टचा परवाना लागतच नाही. दोन वर्षं नीट शिकलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर उभं राहायला तेवढी जागा पुष्कळ आहे.

अशा कॉलेजच्या हातून काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २००२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पहिली सोलर डेकॅथलॉन स्पर्धा भरवली. विद्यार्थ्यांनी सूर्याच्या ऊर्जेवर चालणारं पूर्ण घर आखायचं, बांधायचं, ट्रकवरून वॉशिंग्टनला न्यायचं आणि संसद भवनासमोरच्या मोठ्या हिरवळीवर उभं करून दहा कसोट्यांना उतरायचं. चौदा संघ होते. कार्नेगी मेलन, टेक्सस, व्हर्जिनिया अशी नावाजलेली विद्यापीठं, आणि त्यांच्यात मिसूरीतल्या निओशो या छोट्या गावचं क्राउडर कॉलेज. चौदांत दोन वर्षांचं कॉलेज तेवढं एकच. घर चालतं की नाही हे इथे उन्हात सिद्ध करायचं होतं, आणि हाताने काम करणाऱ्या मुलांना ते नवं नव्हतं. तीन वर्षांनी ते पुन्हा उतरले.

मग २२ मे २०११ रोजी निओशोच्या शेजारचं जॉप्लिन शहर टोर्नेडोने उद्ध्वस्त केलं. दीडशेहून अधिक माणसं गेली, हजारो घरं मोडली. क्राउडरच्या विद्यार्थ्यांनी ते स्वतःच्या अंगणात पाहिलं. २०१५ च्या स्पर्धेसाठी त्यांनी ड्र्युरी विद्यापीठाबरोबर मिळून जे घर बांधलं, त्याची कल्पना त्या ढिगाऱ्यांतून आली. आपत्तीनंतर लगेच ट्रकवरून आणता येईल असा निवारा, जो पुढे वाढवून कायमचं घर करता येईल आणि पुढच्या वादळात टिकेल. अशा वेळी भिंत छपराला आणि पायाला कशी बांधली आहे, यावर जीव अवलंबून असतो. वाऱ्याने उचलू पाहिलेलं छपर भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी हातभर लांबीचीसुद्धा नसते.

हे सगळं वाचताना मराठी माणसाच्या मनात आपल्याकडचा विचार येणारच. आपल्याला हे परकं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधलं वास्तुशिक्षण सुरू झालं तेच मुळी १८९६ मधल्या आरेखकांच्या वर्गापासून. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांना नकाशे काढणारी माणसं हवी होती म्हणून. पुढे त्याचा रीतसर अभ्यासक्रम झाला. आज दहावीनंतर आयटीआयला आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यास आहे, गवंडीकामाचा वेगळा आहे, पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा आहे. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि त्या वाटेने गेलेले उत्तम इंजिनिअर प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. वास्तुकलेत मात्र डिप्लोमा करून आलेला मुलगा बी.आर्क.च्या पहिल्या वर्षाच्या रांगेत उभा राहतो, बारावी करून आलेल्यांबरोबर. त्याने तीन वर्षं काढलेल्या नकाशांची फाइल उघडून पाहायची पद्धत नाही. ती उघडावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपला गवंडी? त्याच्याकडे ओळंबा आहे, गुण्या आहे, पाणसळीची नळी आहे. तीन-चार-पाचचं गणित वापरून तो काटकोन काढतो, पायथागोरसचं नाव ऐकलेलं नसलं तरी. भिंत चढवताना विटेचा सांधा कुठे येईल हे त्याला दोन थर आधी दिसतं. त्याचा मुलगा कधी वास्तुशाळेत पोचलाच, तर बापाची विद्या शाळेच्या कामाची आहे असं त्याला कुठला अभ्यासक्रम सांगत नाही. कम्युनिटी कॉलेज हे नाव आपल्याकडेही आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजनाही आणली. पण संध्याकाळी साइट सुटल्यावर गवंड्याने, त्याच्या मुलाने आणि आर्किटेक्ट होऊ पाहणाऱ्या मुलीने एका बाकावर बसून एकच भिंत आधी काढावी आणि मग बांधावी, असा वर्ग मला अजून आपल्याकडे पाहायचा आहे.

तिकडे सत्र संपत आलं की कार्यशाळेतली ती आठ फुटी भिंत मोडायची वेळ येते. शिक्षक ती तपासतात: स्टड ओळंब्यात आहेत का, कर्ण सारखे भरतात का, तक्त्याची कड स्टडच्या मध्यावर आली का. गुण वहीत उतरतात. मग विद्यार्थीच पहार घेऊन तक्ते सोडवतात, एकेक खिळा उपटतात आणि लाकडं लांबीप्रमाणे रचून ठेवतात. लाकूड महाग असतं, पुढच्या तुकडीला तेच वापरायचं असतं. दर सत्राला टोकं फाटतात, कापावी लागतात, स्टड थोडे आखूड होतात. फार आखूड झालेले तुकडे दोन स्टडांमधल्या आडव्या ठोकळ्यांसाठी बाजूला काढले जातात. त्यांच्यावर आधीच्या मुलांच्या पेन्सिलीच्या रेघा आणि फुल्या तशाच असतात. काही सव्वापंधरावर, काही सोळावर.